स्वतःला दुखवण्याच्या ऊर्मीची लाट आली की पहिली वीस मिनिटं कशी काढायची?

काजवा (धागा सुरू करणारा)

आधी एक विनंती. इजा कशाने, कुठे, कशी, याची वर्णनं या धाग्यावर कोणीही लिहू नयेत. अशी वर्णनं वाचूनच कुणाच्या तरी मनात ऊर्मी जागी होते. आणि आत्ता जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार मनात असेल, किंवा काही करून झालं असेल, तर धागा इथेच सोडा. ११२ ला फोन करा, घरातल्या किंवा शेजारच्या कुणाला तरी उठवा. औषधांच्या जास्त गोळ्या किंवा आणखी काही पोटात गेलं असेल तर बरं वाटत असलं तरी लगेच दवाखाना गाठा, कारण काही विषारी परिणाम एकदोन दिवसांनी दिसतात आणि तोवर उशीर झालेला असतो. बोलायला माणूस हवं असेल तर टेलिमानस, १४४१६. केंद्र सरकारची मोफत सेवा आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

आता विषय. स्वतःला दुखवण्याची ऊर्मी आलेल्या माणसाला "चहा घे, फिरून ये, गाणी ऐक" असं सांगितलं जातं. सल्ला वाईट नाही, पण बहुतेक वेळा तो लागू पडत नाही. इजा केल्यावर मिळणारा सुटकेचा क्षण फार लवकर येतो, म्हणून तर मन पुन्हा तिकडेच धावतं. त्याच्या जागी जे ठेवायचं तेही तेवढंच झटपट लागू पडणारं हवं.

त्यासाठी ऊर्मीला ० ते १० मधला एक आकडा द्यायचा. सात किंवा वर असेल तर डोक्याशी वाद घालत बसू नका, तेव्हा फक्त शरीरावर काम होतं. चार ते सहा असेल तर हातांना आणि इंद्रियांना काम द्यायचं. चारच्या खाली आली की मग लिहिणं, बोलणं, विचार करणं. शरीर, हात, शब्द, हा क्रम. नऊवर असलेल्या माणसाला डायरी लिहायला बसवलं तर तो स्वतःविरुद्धचं आरोपपत्रच लिहितो.

दुसरी गोष्ट वेळेची. ऊर्मी चढते, शिखराला पोचते आणि उतरते. काहीही केलं नाही तरी उतरते, बहुतेकांची वीस-तीस मिनिटांत. व्यसनमुक्तीवर काम करणारे मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लॅट यांनी यालाच लाटेवर तरंगणं म्हटलं. लाट अडवायची नाही, तिच्यात बुडायचंही नाही, वर तरंगत राहायचं. फोनवर पंधरा मिनिटांचा गजर लावा आणि फोन उलटा ठेवा. दर पाच मिनिटांनी फक्त आकडा लिहा: ९, ९, ८, ८, ६. गजर वाजला तेव्हा आकडा आठच असेल तर आणखी पंधरा मिनिटं. ते हरणं नाही, मुदतवाढ आहे. घड्याळाकडे टक लावून बसू नका, त्याने मिनिट लांबतं.

---

शमी

सातच्या वरच्या आकड्याबद्दल लिहिते, कारण तिथेच लोक अडतात.

डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) ही बोलून होणारी उपचारपद्धती मार्शा लिनेहन यांनी खास अशाच त्रासासाठी उभी केली, १९९३ मध्ये तिचं मूळ पुस्तक आलं. तिच्यातला पहिला उपाय थंड पाण्याचा. चेहऱ्याला, विशेषतः डोळ्यांभोवती आणि गालांच्या वरच्या भागाला गार पाणी लागलं आणि श्वास रोखलेला असला की शरीराला वाटतं आपण पाण्यात बुडी मारली. मग हृदयाचे ठोके आपोआप मंदावतात. मनाची समजूत काढावी लागत नाही.

कृती अशी. मोठ्या पातेल्यात किंवा परातीत गार पाणी घ्या, बर्फाचे चार-पाच तुकडे टाकून विरघळू द्या. खुर्चीवर बसा, पुढे वाका, श्वास धरा, कपाळापासून गालांपर्यंत चेहरा पाण्यात ठेवा. पंधरा ते तीस सेकंद, जमेल तेवढंच. चेहरा वर घ्या, दोनचार साधे श्वास घ्या, पुन्हा एकदा किंवा दोनदा करा. पाणी गार हवं, झोंबणारं नको. झोंबेपर्यंत गार करणं म्हणजे पुन्हा दुखवणंच.

बिघडतं ते दोन ठिकाणी. एक, लोक उभ्याउभ्या तोंडावर दोन हबके मारतात आणि "काही झालं नाही" म्हणतात. हबक्याने ताजंतवानं वाटतं, पण ठोके मंदावायला पाणी टिकून राहावं लागतं, वाकलेलं राहावं लागतं आणि श्वास थांबलेला हवा. दोन, एप्रिल-मे मध्ये विदर्भ-मराठवाड्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी नळाला गरमच येतं. त्यासाठी फ्रीजमध्ये ओला पंचा घडी करून डब्यात ठेवा. पुढे वाकायचं, श्वास धरायचा आणि तो डोळ्यांवर-गालांवर दाबून अर्धा मिनिट ठेवायचा. फ्रीज नसेल तर माठातलं पाणी चालतं.

हृदयविकार असलेल्यांनी, ठोके मुळातच मंद असलेल्यांनी, बीटा ब्लॉकर गटातली (ठोके आणि रक्तदाब कमी करणारी) गोळी चालू असलेल्यांनी आणि खाणं तोडून वजन फार घटलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये. त्यांच्यासाठी श्वास.

श्वासात सगळ्यात मोठी चूक म्हणजे "खोल श्वास घे" ऐकून जोरजोरात, भराभर खोल श्वास घेणं. रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, ओठांना-बोटांना मुंग्या येतात, गरगरतं आणि घाबरणं दुप्पट होतं. महत्त्वाचा आहे सोडलेला श्वास. नाकाने चार मोजेपर्यंत आत, ओठांचा चंबू करून सहा किंवा आठ मोजेपर्यंत बाहेर, जशी गरम चहावर हळू फुंकर घालतो तशी. आत घेताना पोट भरायचं, खांदे उचलायचे नाहीत. मिनिटाला पाच-सहा श्वास, निदान पाच मिनिटं. पहिल्या मिनिटात फरक पडत नाही. तिथेच बहुतेक जण सोडून देतात.

---

मेतकूट

शमीताईंना अनुमोदन. हातांना काम देताना एक गोष्ट हमखास विसरली जाते: कोणती भावना आहे ते आधी पाहा. एकाच ऊर्मीमागे तीन-चार वेगळी कारणं असतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही.

राग असेल तर शरीराला जड, लयीचं काम हवं. बादलीत भिजवलेली जुनी चादर पिळा, झटका, पुन्हा भिजवा, पुन्हा पिळा. जिने वरखाली, दहा मिनिटं, कठडा धरून. किंवा ज्वारीचं पीठ मळा. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो, म्हणून ते तळव्याच्या टाचेने रगडून रगडूनच एकजीव करावं लागतं. वाटीभर पीठ, कोमट पाण्याचा हबका मारत मारत, कडा चिरायच्या थांबेपर्यंत. तळवा, मनगट, खांदा, सगळं कामाला लागतं आणि लक्ष कडांवर राहतं. पण पीठ आणि परात बाहेरच्या खोलीत आणून मळा, स्वयंपाकघरात नको. त्या वेळी धारदार वस्तूंच्या जवळ असू नये, एवढं साधं कारण.

उशीला ठोसे मारणं मात्र मी सुचवत नाही. मारत सुटण्याने राग बाहेर पडतो ही समजूत आहे. ज्याचा राग आला त्याला डोळ्यांसमोर आणून मारत राहिलं की राग वाढतो असंच प्रयोगांत दिसलं आहे.

बधिरपणा असेल, म्हणजे काहीच जाणवत नाही, आपण काचेपलीकडे आहोत असं वाटतं, तर राग उतरवणारी कामं उपयोगाची नाहीत. तिथे इंद्रियं जागी करायची. आल्याचा छोटा तुकडा चावायचा, ओवा किंवा लवंग तोंडात ठेवायची, निलगिरीच्या तेलाचा एक थेंब रुमालावर घेऊन हुंगायचा. अनवाणी फरशीवर उभं राहून टाच, चवडा, बोटं अशी एकेक जागा टेकवायची. मग खोलीतल्या दिसणाऱ्या पाच वस्तू मोठ्याने म्हणायच्या, हाताला लागणाऱ्या चार, ऐकू येणारे तीन आवाज, दोन वास, एक चव. "पंखा" म्हणून पुढे जाऊ नका, "पंख्याच्या डाव्या पात्यावर धुळीची रेघ आहे" म्हणा. नुसती नावं डोकं वाचून टाकतं, बारकावा शोधायला त्याला हजर राहावं लागतं.

एकटेपणा असेल तर माणसांत जा, बोललंच पाहिजे असं नाही. वाचनालय, देऊळ, गजबजलेली बाग. आणि स्वतःचा तिरस्कार असेल तर… हे सगळ्यात अवघड. त्यात शिक्षा करून घ्यायची ओढ असते, त्यामुळे "स्वतःचे लाड कर" हे उलटं बसतं, लायकी नाही असं वाटतं. तिथे दुसऱ्यासाठीचं लहान काम चालतं. झाडांना पाणी, आजीसाठी मोठ्या अक्षरात फोन नंबरांची यादी.

---

अनघड

एक शंका. ऊर्मी आली की जागेवरच थोडंसं दुखेल असं काहीतरी करायचं, किंवा जखमेसारखं काहीतरी नुसतं रंगवायचं, असे उपाय बऱ्याच ठिकाणी दिसतात. ते सुरक्षित नाहीत का? निदान कमी वाईट तरी?

---

शमी

अनघड, थेट उत्तर: मी ते उपाय सुचवत नाही. दुखण्याने सुटका होते हा धडा मेंदूने आधीच गिरवलेला आहे. छोट्या दुखण्याने तोच धडा रोज पुन्हा गिरवला जातो आणि छोटं पुरेनासं झालं की गाडी जुन्या जागी येते. जखमेची नक्कल करण्यातही नजर तिथेच खिळून राहते. ज्यांना तसं कुणी शिकवलंय त्यांनी अपराधी वाटून घेऊ नये, फक्त आपल्या समुपदेशकाशी बोलून दुसरं काहीतरी त्या जागी आणावं. पर्यायाची माझी कसोटी एवढीच: त्वचेवर त्याची खूण राहते का? राहत असेल तर तो पर्याय नाही.

---

नदीकाठ

लाटेच्या वेळी लागणाऱ्या वस्तूंच्या डब्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

लाट आलेली असताना माणसाला आठवत नाही. चांगलं पाठ असलेलंही आठवत नाही. म्हणून सगळं आधीच एका ठिकाणी हवं. श्रीखंडाचा एक किलोचा रिकामा डबा पुरतो. वर ठेवायची एक पोस्टकार्डाएवढी चिठ्ठी, स्वतःच्या अक्षरात, शांत दिवशी लिहिलेली. खाली आल्याची वडी किंवा लवंगा, निलगिरीची छोटी बाटली, जुन्या वर्तमानपत्राचे चार ताव टराटरा फाडायला, लोकरीचा गुंता सोडवायला, एक पेन, आणि ज्यांच्यासाठी जगावंसं वाटतं त्यांचा एखादा फोटो. ज्याच्याशी वाद चालू आहे त्याचा फोटो नको, हे लोक विसरतात. काचेची बाटली नको, टाचणी नको, कात्री नको. झाकण एका हाताने उघडतं का ते पाहून ठेवा.

चिठ्ठीवर काय लिहायचं याचा सांगाडा बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन यांनी केलेल्या सुरक्षा आराखड्यात आहे, तो जगभर वापरला जातो. माझी चाहूल काय (जेवण टाळणं, दार लावून बसणं, एखादं ठरावीक वाक्य डोक्यात फिरणं). मी एकट्याने काय करेन. कुठे किंवा कुणाकडे गेलो की मन दुसरीकडे लागतं. मदत मागायची तर कुणाकडे. कोणते डॉक्टर, कोणती हेल्पलाइन. आणि घर सुरक्षित कसं करायचं. सहा ओळी, पानभर नाही.

मदत मागायचं वाक्यसुद्धा लिहून ठेवा. "मला आत्ता स्वतःला दुखवावंसं वाटतंय. उपाय सुचवू नकोस, अर्धा तास फोनवर थांब." हे वाक्य त्या माणसाला आधी दाखवलेलं असावं. नाहीतर रात्री साडेअकराला असा फोन आला की समोरचा बिथरतो, उपदेश सुरू करतो, आणि फोन करणारा "काही नाही रे, सहज केला" म्हणून ठेवून देतो. दोन-तीन नावं ठेवा. एकाच मैत्रिणीवर सगळा भार टाकला तर ती थकते, मग तिचा फोन लागत नाही त्या रात्री आणखी एकटं वाटतं.

घर सुरक्षित करणं ही ओळ लोक सोडून देतात, पण तिचंच वजन जास्त. ऊर्मी थोड्या वेळाची असते. त्या वेळात वस्तू हाताशी नसली तर लाट बहुधा ओसरते. नेहमीच्या गोळ्या आठवड्यापुरत्याच बाहेर, बाकी कुणाकडे तरी. शेतीची औषधं घरात नकोत, गोठ्यातल्या कोनाड्यातही नकोत, कुलपात हवीत आणि किल्ली दुसऱ्याकडे. दारूही यातच धरा. ती दुःख कमी करत नाही, ब्रेक काढून टाकते.

---

पारिजात_७२

पालकांनी काय करायचं? मुलीच्या वागण्यावरून संशय आला तर विचारायचं कसं? विचारल्याने डोक्यात नसलेलं भरवलं जाईल अशी भीती वाटते.

---

मेतकूट

पारिजातताई, विचारल्याने कल्पना डोक्यात शिरत नाही. उलट, कुणीतरी सरळ विचारलं याचा सुटकारा वाटतो. एकांतात, शक्यतो शेजारी बसून, समोरासमोर नको. गाडीत किंवा भाजी निवडताना बरं. "फार त्रास झाला की कधी स्वतःला दुखवावंसं वाटतं का गं?" एवढंच. मग गप्प राहा. मरून जावंसं वाटतं का, हेही वेगळं विचारा. दोन्ही गोष्टी एक नाहीत. बरेच जण मरण्यासाठी नव्हे, सहन होत नाही ते थांबवण्यासाठी करतात. पण एकातून दुसऱ्याचा धोका वाढतो, म्हणून "नाटक आहे, लक्ष वेधायला करते" म्हणून सोडून द्यायचं नाही.

आणि कृपा करून शपथ घालू नका. "माझ्या गळ्याची शपथ, पुन्हा करणार नाहीस" ही आपल्याकडची पहिली प्रतिक्रिया. प्रेमातूनच येते, पण काम उलटं करते. पुढची लाट आली आणि शपथ मोडली की मुलीच्या डोक्यावर आईचा जीव धोक्यात घातल्याचं ओझं बसतं, आणि ती पुढच्या वेळी लपवते. बाह्या वर करून रोज तपासणंही तसंच. शपथेऐवजी करार वेगळा करा: "वाटलं तर मला सांग. रात्री दोनला उठव. मी ओरडणार नाही, प्रश्न सकाळी." आणि खरंच ओरडू नका, एकदा ओरडलात की करार संपला.

जखम दिसली तर आधी जखम. वाहत्या पाण्याने धुवा, स्वच्छ कापडाने दाबून धरा. दहा मिनिटं दाबूनही रक्त थांबत नसेल किंवा जखम खोल असेल तर दवाखाना. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. भाषण तेव्हा नको.

---

अनघड

दवाखान्यात नेलं की पोलीस केस होते म्हणून लोक घरीच झाकतात. त्याचं काय?

---

नदीकाठ

ही भीती जुन्या कायद्याची आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये संमत झाला, २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याचं ११५ वं कलम सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच, उलट सिद्ध होत नाही तोवर, गृहीत धरायचं आणि तिला शिक्षा करायची नाही. सरकारने तिला उपचार आणि आधार द्यायचा. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम आलेलंच नाही. सरकारी कर्मचाऱ्यावर दबाव आणायला केलेल्या प्रयत्नाचं कलम आहे, तो विषय वेगळा. रुग्णालय एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायचं प्रकरण) म्हणून नोंद करू शकतं. ती नोंद म्हणजे गुन्हा नव्हे. घाबरून तासभर वाया घालवू नका.

उपचार कुठे? जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो, ओपीडीचा वार आधी विचारून जा. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीला मानसोपचार संस्था. "तिथे वेडे जातात" हे ऐकू येईल, जाऊन या. इजेची सवय घालवणारी अशी वेगळी गोळी नाही. नैराश्य, चिंता असेल तर त्याची गोळी असते आणि तिला परिणाम दाखवायला काही आठवडे लागतात. बोलून होणारा उपचार हा मुख्य.

---

सातासमुद्रा

परदेशातल्यांसाठी जोडते: अमेरिकेत ९८८, ब्रिटनमध्ये समॅरिटन्स ११६ १२३, दोन्हीकडे चोवीस तास. अमेरिकेत ९८८ वर फोन करून दुभाषी मागता येतो. इथल्या मुलांची अडचण वेगळी असते. समुपदेशकाशी इंग्रजीत बोलणं जमतं, पण आजी-आजोबांना काय सांगायचं ते जमत नाही. घरात मराठीत एक वाक्य ठरवून ठेवा: "मला आत्ता बरं वाटत नाहीये, बोलायचं नाही, पण एकटं राहायचं नाही." पुष्कळ आहे.

---

काजवा

चांगली भर पडली. एक राहिलंय: ऊर्मीसमोर हरलो तर दुसऱ्या दिवशी काय?

तीस दिवस काढले आणि एकतिसाव्या दिवशी झालं, तर तीस दिवस पुसले जात नाहीत. म्हणून "किती दिवस झाले" हा आकडा भिंतीवर लावू नका. तो शून्यावर आला की माणूस आता काय उरलं म्हणून आणखी करतो. त्याऐवजी किती लाटा काढल्या ते मोजा. तो आकडा कधीच कमी होत नाही.

मग जखमेची काळजी घेतल्यावर, शांत झाल्यावर, मागे मागे जा. साडेदहाला झालं. दहाला काय? फोनवर निरोप वाचला. त्याआधी? दुपारी जेवण नाही. आदल्या रात्री झोप चार तास. साखळीतली कुठली एक कडी पुढच्या वेळी तोडता येईल, फक्त एकच शोधा. बहुतेक वेळा ती निरोपाची नसते, जेवणाची किंवा झोपेची निघते, आणि ती तोडणं हातात असतं.

---

गोरखचिंच

उशिरा आले. होस्टेलमध्ये तिघी एका खोलीत असतात, तिथे परात आणि चादर कुठून आणायची?

---

शमी

गोरखचिंच, होस्टेलसाठी: ओला रुमाल मेसच्या फ्रीजमध्ये ठेवता येत नसेल तर कुलरच्या पाण्याने भिजवा आणि पंख्याखाली दोन मिनिटं धरा, बाष्पीभवनाने गार होतो. बाथरूममध्ये कडी लावून एकटीने जाऊ नका, बेसिन बाहेरच्या व्हरांड्यातलं वापरा. पंधरा मिनिटं जिन्यात किंवा वॉचमन दिसेल अशा अंगणात चाला. रूममेटला कारण सांगायची गरज नाही, पण एक खूण ठरवता येते. आपला पाण्याचा तांब्या तिच्या टेबलावर ठेवला म्हणजे "खाली चालायला चल, काही विचारू नकोस". तिला हे दिवसाउजेडी सांगून ठेवा आणि एकदा काहीही झालेलं नसताना तांब्या ठेवून दोघी खाली जाऊन या.